चुकलेली घडी ओळखणारी प्रतिपिंडे



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाची माहिती सोप्या शब्दांत देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय रुग्णांच्या नातेवाइकांनीच आमच्यासमोर आणून ठेवला. वृत्तपत्राचे कात्रण हाती घेऊन येणारी मंडळी विचारतात, ‘विसरण्याच्या रोगावर इंजेक्शन निघाले आहे म्हणे, ते आपल्याकडे मिळेल का?’ विचारणारा बहुधा मुलगा असतो, कधी सून असते. आईवडिलांसाठी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकण्याची तयारी असल्याचेही काही जण सांगतात. काही देणगीदारांनी तर या औषधासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी इच्छा आमच्याकडे बोलून दाखविली आहे. पैशाचा प्रश्न आला की तो प्रशासनाच्या टेबलावर येतो. यास्तव हे औषध काय आहे, ते काय करू शकते आणि त्यासाठी आपण निधी मागावा किंवा कसे, याचा खुलासा करणे आम्हांस अगत्याचे वाटले. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्यामुळे शास्त्रीय भाग डॉक्टरांकडून समजावून घेऊन लिहिला आहे.

सोलापूरकराला प्रथिनाची रचना समजावून सांगणे तसे अवघड नाही. सुताचा धागा डोळ्यांसमोर आणावा. अमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे घटक एकापुढे एक जोडले जाऊन प्रथिनाचा धागा तयार होतो. पण नुसत्या धाग्याचा शरीराला उपयोग नसतो. तयार होताच तो ठराविक रीतीने वळतो, दुमडतो आणि त्याची एक विशिष्ट घडी बसते. इन्शुलिन असो वा रक्तातील हिमोग्लोबिन, प्रत्येकाचे काम या घडीवर अवलंबून असते. काही धाग्यांची घडी चुकते. अशा मालाची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था पेशींत असते. मात्र वय वाढले, आनुवंशिक दोष असला, किंवा एखादे प्रथिन वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त तयार होत राहिले, तर ही व्यवस्था अपुरी पडते. मग चुकलेल्या घडीचे रेणू एकमेकांना चिकटतात. चादरींची थप्पी लागावी तसे एकावर एक रचले जातात आणि त्यांचे न विरघळणारे ताठ तंतू बनतात. हे तंतू मूत्रपिंड, हृदय, यकृत, मज्जातंतू किंवा मेंदू यांत साठू लागले की त्या अवयवाचे काम हळूहळू बंद पडते. या साठ्याला अमायलॉइड म्हणतात. माणसाच्या शरीरातील चाळीसहून अधिक प्रथिने असा साठा करू शकतात, हे आता ज्ञात आहे.

नाव मात्र चुकूनच पडले. जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशो यांनी १८५४ मध्ये अशा पदार्थावर आयोडीन टाकून पाहिले, तेव्हा तो पिष्टासारखा रंगला. म्हणून पिष्टासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यांनी हे नाव योजिले. हा पदार्थ प्रथिनयुक्त आहे हे पाच वर्षांतच दिसून आले, पण नाव टिकले ते आजतागायत.

अमायलॉइड ओळखण्याची जी पद्धत आजही जगभर प्रमाण मानली जाते, ती कापडाच्या रंगातून आली आहे, ही गोष्ट आपल्या गिरणगावच्या वाचकांना विशेष वाटेल. १८८० च्या दशकात जर्मनीत ‘काँगो रेड’ नावाचा लाल रंग तयार झाला. तोवर सुती कापडावर रंग पक्का बसविण्यासाठी तुरटीसारख्या पदार्थाची मध्यस्थी बहुधा लागत असे. काँगो रेड सुताला थेट धरी. त्याचा रेणू लांबट व सपाट असतो आणि सुताच्या तंतूलगत तो जाऊन बसतो. १९२२ मध्ये बेनहोल्ड यांनी दाखविले की हाच रंग अमायलॉइडच्या तंतूलाही धरतो. पुढे १९२७ मध्ये बेल्जियमचे दिव्री यांना आढळले की अशी रंगविलेली काचपट्टी ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की लाल साठा सफरचंदी हिरवा चमकतो. बेन्झिडीनपासून बनणारा हा रंग कर्करोगाच्या धोक्यामुळे कापडाच्या धंद्यातून बाद झाला. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र त्याची जागा अद्याप कोणी घेतलेली नाही.

काँगो रेडचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे. प्रथिन कोणते आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते; तंतूची रचना तेवढी तो ओळखतो. मूत्रपिंडातील साठा असो वा हृदयातील, हिरवी चमक तीच. परंतु उपचार ठरविताना प्रथिन कोणते, हेच आधी कळावे लागते आणि तेथे प्रतिपिंडांचे काम सुरू होते.

प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या औषध भांडारात पिढ्यान्‌पिढ्या आहे. सर्पदंशाची लस म्हणून आपण जी कुपी देतो, तीत घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडेच असतात. घोड्याला नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अल्प मात्रेत टोचतात, त्याचे शरीर त्या विषाला पकडणारी प्रतिपिंडे बनविते आणि ती वेगळी काढून कुपीत भरतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले त्यात या कामाचा वाटा मोठा. घोड्याच्या रक्तात नाना प्रकारची प्रतिपिंडे एकत्र असतात. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ती शोधली व १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्रतिपिंडांस मोनोक्लोनल म्हणतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे रेबीजवरील प्रतिपिंड याच जातीचे आहे.

विष परके असते, विषाणूही परका असतो. त्यांना पकडण्यात चूक होण्याचा संभव कमी. अमायलॉइडचे प्रथिन मात्र आपल्याच घरचे असते. त्याचा धागा तोच, त्यातील अमिनो आम्लांचा क्रमही पुष्कळदा तोच. फरक फक्त घडीचा. उपयोगी रेणूंना धक्का न लावता चुकलेल्या घडीचे तेवढे रेणू प्रतिपिंडाने कसे ओळखावेत?

याची उत्तरे निरनिराळी निघाली आहेत. सर्वांत सोपे उत्तर असे की घडी उलगडली की आत दडलेला भाग बाहेर येतो. थायरॉइडचे संप्रेरक व अ जीवनसत्त्व यांची वाहतूक करणारे ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन चार भागांचे बनलेले असते. ते सुटे होऊन बिघडले की जो पृष्ठभाग एरवी आत झाकलेला असतो तो उघडा पडतो आणि प्रतिपिंड तेवढ्याच भागाला धरते. अखंड, काम करणारा रेणू शेजारून गेला तरी त्याला हात लावीत नाही. दुसरे उत्तर पकडीचे आहे. प्रतिपिंडाला दोन हात असतात. सुटा रेणू एका हातात येतो आणि निसटून जातो. तंतूवर मात्र तोच भाग रांगेने पुन्हा पुन्हा आलेला असतो, त्यामुळे दोन्ही हात एकदम बसतात आणि पकड सुटत नाही. म्हणजे एका हाताची पकड दुबळी असणे हाच येथे गुण ठरतो! याखेरीज साठ्यात बराच काळ पडून राहिलेल्या प्रथिनात रासायनिक बदल होतात. जुन्या मालावर बसलेली ही खूण ओळखणारी प्रतिपिंडेही तयार केली गेली आहेत.

शतकाच्या आरंभी या क्षेत्रात एक आश्चर्यकारक गोष्ट पुढे आली. २००२ मध्ये ओ’न्यूअलन व वेट्झेल यांनी अल्झायमरच्या तंतूंविरुद्ध मिळविलेली काही प्रतिपिंडे अगदी वेगळ्या प्रथिनांच्या तंतूंनाही चिकटतात असे आढळले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील चार्ल्स ग्लेब यांच्या गटाने तंतू बनण्यापूर्वीच्या लहान पुंजक्यांना ओळखणारी प्रतिपिंडे प्रसिद्ध केली. ती निरनिराळ्या प्रथिनांचे पुंजके ओळखत, मात्र त्याच प्रथिनांचे सुटे रेणू वा पक्के तंतू ओळखत नसत. कापड कोणतेही असो, चुकलेली घडी एका साच्याचीच असते, असा याचा अर्थ झाला. मग एकच प्रतिपिंड सर्व अमायलॉइड रोगांवर का चालू नये, ही कल्पना मोहक होती. तिला एक अडथळा आहे. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने दाखविले की पियुषिका ग्रंथी आपली काही संप्रेरके अमायलॉइडसारख्या रचनेत साठवून ठेवते आणि गरजेनुसार सोडते. या निबंधाचे पहिले लेखक समीर माजी पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले व तेथे त्यांच्या गटाने याच विषयावर संशोधन केले आहे. तेव्हा अशी प्रत्येक थप्पी शत्रूची असतेच असे नाही.

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे वळू. अल्झायमर रोगात मेंदूतील पेशींच्या मधल्या जागेत बीटा अमायलॉइड नावाच्या लहानशा प्रथिनाचे साठे होतात. ग्लेनर व वाँग यांनी १९८४ मध्ये ते वेगळे करून ओळखले. १९९९ मध्ये उंदरांना हेच प्रथिन लसीसारखे टोचले असता त्यांच्या मेंदूतील साठे कमी झाले आणि जगभर आशा पल्लवित झाल्या. माणसांवरील चाचणी मात्र २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूला व त्यावरील आवरणाला दाह झाला. तेव्हापासून बाहेर तयार केलेली प्रतिपिंडे शिरेतून देण्याचा मार्ग धरला गेला. तोही खडतर ठरला. बापिन्यूझुमॅब २०१२ मध्ये अपयशी झाले, सोलानेझुमॅब २०१६ मध्ये. अ‍ॅड्युकॅन्युमॅबला अमेरिकेत जून २०२१ मध्ये वादग्रस्त मंजुरी मिळाली, पण कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले.

कात्रणांत ज्याचे नाव वारंवार येते ते लेकॅनेमॅब. त्याचा उगम स्वीडनमधील एका कुटुंबाच्या आनुवंशिक आजारात आहे. उप्सालाचे लार्स लानफेल्ट यांच्या गटाने २००१ मध्ये दाखविले की या कुटुंबातील दोषामुळे पक्का तंतू होण्याआधीची, विरघळलेल्या अवस्थेतील साखळी अधिक प्रमाणात बनते. तेव्हा खरा उपद्रव या अर्धवट साखळीचा असावा, असे मानून तिलाच धरणारे प्रतिपिंड त्यांनी तयार केले. १,७९५ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळाली. जुन्या मालावरील रासायनिक खूण ओळखणारे डोनानेमॅब जुलै २०२४ मध्ये मंजूर झाले.

निष्कर्षाचे आकडे आम्ही हिशेबनिसाच्या नजरेने वाचले. आजाराची तीव्रता ० ते १८ गुणांच्या मापाने मोजली होती. गुण जितके जास्त तितका आजार जास्त. अठरा महिन्यांत साधे पाणी टोचलेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध घेतलेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५ गुणांचा. वृत्तपत्रांत हाच फरक ‘२७ टक्के’ म्हणून छापला गेला. दोन्ही आकडे खरे आहेत. पण २७ टक्के वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते ०.४५ वाचणाऱ्याच्या मनात राहत नाही. औषध घेणाऱ्यांचाही आजार वाढतच होता, वाढीचा वेग तेवढा कमी झाला. आणि हे सर्व रुग्ण रोगाच्या अगदी आरंभीच्या टप्प्यात होते. घरातली माणसे न ओळखणाऱ्या, वाट चुकणाऱ्या, जेवल्याचे विसरून पुन्हा ताट मागणाऱ्या रुग्णांसाठी हे औषध नाही. आमच्याकडे कात्रण घेऊन येणाऱ्यांचे आईवडील बहुतेक याच टप्प्यातले असतात. ही गोष्ट त्यांना समोर बसवून सांगणे आमच्या डॉक्टरांना फार जड जाते.

दुष्परिणामही प्रतिपिंडाच्या कामातूनच उद्भवतात. प्रतिपिंड साठ्याला चिकटले की मेंदूतील भक्षक पेशी तेथे धावून येतात व साठा खाऊ लागतात. पण साठा रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतो. तो निघू लागला की भिंत पाझरते. चाचणीत औषध घेतलेल्या १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत अशी सूज एमआरआयवर दिसली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही. काहींच्या मेंदूत मात्र रक्तस्राव झाला व क्वचित तो प्राणघातक ठरल्याचीही नोंद आहे. म्हणून आधी पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातील पाणी काढून निदानाची खात्री करणे, दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध देणे आणि पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय काढणे, हा सारा व्याप औषधासोबत येतो. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत नुसत्या औषधाची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर जाहीर झाली होती. त्या वेळच्या दराने हे २१ ते २२ लाख रुपये होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकाने लेकॅनेमॅबला परवानगी दिली आणि त्याच दिवशी तेथील मूल्यमापन संस्थेने, लाभाच्या मानाने खर्च फार असल्याने ते सरकारी सेवेतून देऊ नये, असा मसुदा प्रसिद्ध केला.

यावरून प्रतिपिंडांचा मार्गच निरर्थक आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. २०२३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी तीन वृद्धांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांच्याही हृदयात ट्रान्सथायरेटिनचा साठा होता आणि हा रोग आपोआप उलटत नाही अशीच तोवरची समजूत होती. या तिघांचे हृदय मात्र पूर्ववत होत गेले. शोध घेता त्यांच्या रक्तात या साठ्याला ओळखणारी, त्यांच्याच शरीराने बनविलेली प्रतिपिंडे सापडली. निसर्गाने जे क्वचित केले ते कारखान्यात करण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत.

आणखी एका प्रकारात तर चमत्कारिक विसंगती आहे. अस्थिमज्जेतील काही पेशी बिघडून प्रतिपिंडाचाच एक तुकडा अमाप बनवू लागतात आणि त्या तुकड्यांचे अमायलॉइड होते. रक्षकच साठेबाज झाला! हा साठा काढणारी दोन प्रतिपिंडे, बर्टामिमॅब व अ‍ॅन्सेलामिमॅब, २०२५ मधील मोठ्या चाचण्यांत मुख्य कसोटीवर उतरली नाहीत. याउलट तुकडे बनविणाऱ्या पेशींनाच मारणारे डाराट्युम्युमॅब हे प्रतिपिंड २०२१ मध्ये मंजूर झाले व उपयोगी ठरले. झालेला साठा उपसण्यापेक्षा उगम बंद करणे येथे फलदायी झाले.

सोलापूरसाठी महत्त्वाचा उगम आम्हांस निराळाच दिसतो. शरीरात दीर्घकाळ दाह चालू राहिला की यकृत एक प्रथिन सतत बनवीत राहते आणि त्याचा साठा मुख्यतः मूत्रपिंडात होतो. पाश्चात्त्य देशांत याचे कारण बहुधा संधिवात असते. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे जुने व मोठे कारण आहे. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार किंवा घरी विड्या वळणारी भगिनी दोन महिन्यांत बरे वाटले की औषध सोडते, कारण दवाखान्याच्या खेपेत रोजगार बुडतो. रोग उलटतो, पुन्हा औषध, पुन्हा खंड. काही वर्षांनी पायांवर व तोंडावर सूज घेऊन तीच व्यक्ती येते तेव्हा लघवीतून प्रथिने जात असतात, आणि मूत्रपिंडाच्या बायोप्सीत काँगो रेड हिरवा चमकतो. अमायलॉइडचा हा प्रकार टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळणारे औषध शासनाकडून मोफत मिळते.

सबब प्रतिपिंडांच्या इंजेक्शनासाठी स्वतंत्र निधी उभारू नये, अशी शिफारस आम्ही विश्वस्त मंडळाकडे केली आहे. इच्छुक देणगीदारांना आमची विनंती आहे की त्यांनी आपली देणगी दोन कामांसाठी द्यावी. एक, बायोप्सीचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून प्रतिपिंडांच्या साहाय्याने अमायलॉइडचा प्रकार निश्चित करण्याचा खर्च. गरीब रुग्ण येथेच अडतो आणि प्रकार न कळल्याने उपचारही अडतो. दुसरे, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या परिचारिकेचे वेतन. वृद्धाला म्हातारचळ लागला म्हणून खोलीत कोंडणारी घरे आहेत, तशी त्याच्यामागे रात्र रात्र जागून थकलेली घरेही आहेत. दोन्हींना माहितगार माणूस उंबऱ्याशी हवा आहे. रोगाच्या आरंभीच ज्यांचे निदान झाले आहे व ज्यांना नव्या औषधाचा विचार करावयाचा आहे, त्यांना मोठ्या शहरांतील मेंदूविकार तज्ज्ञांकडे आवश्यक त्या कागदपत्रांसह आमचे डॉक्टर पाठवितील. जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी त्यांनी एकदा भेटावे.

क्षयरोगाचा उपचार पूर्वी घेतलेल्या, जुनाट हाडव्रण किंवा दीर्घ संधिवात असलेल्या आणि अलीकडे पायांवर सूज येऊ लागलेल्या कोणाही व्यक्तीने लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी पट्टी बुडवून काही मिनिटांत होते. प्रथिने आढळली तरी अमायलॉइड असेलच असे नाही, पुढील तपासण्या डॉक्टर ठरवितील. जुने कागद व क्षयरोगाच्या औषधोपचाराचे कार्ड असल्यास सोबत आणावे.